बापाकडून आलेलं

हिदार २, मंगळवार

चाणे म्हणतो, मुलगी मंद आहे. झालं! मुख्याध्यापकाने तोंड उघडलं की निकालच बाहेर पडतो.

या शाळेत ज्या मुलाला शिकवणं कुणाला जमत नाही ते माझ्या खोलीत येतं. खोली मागची, संडासाला लागून. बारा मुलं. दोघांना खरंच समजायला वेळ लागतो, तिघांना ऐकू येत नाही, एकाला फेफरं येतं. उरलेली सहा? त्यांना कुणी शिकवलेलं नाही, एवढाच त्यांचा आजार. इकडे आलेलं मूल परत पुढच्या वर्गात गेल्याचं मी पाहिलेलं नाही. परीक्षा नाही, निकाल नाही. मोठं झालं की घरी.

आता चाणे तिरिंगोला इकडे पाठवायचं म्हणतो. गिरणीवाल्या मंदेफ्रोची धाकटी, आमच्याच गल्लीतली. चौथीत आहे. चार वर्षं पहिल्या बाकावर बसून ही पोर सगळ्यांच्या वरताण आवाजात धडे म्हणायची. आमच्याकडे वर्ग वाचत नाही, वर्ग गातो. बाई एक ओळ म्हणतात, ऐंशी गळे ती परत म्हणतात, पुस्तक मांडीवर उलटं असलं तरी चालतं. परवा तपासणीला आलेल्या माणसाने पुस्तक मधूनच उघडलं आणि हिला एकटीला उभं केलं. गळा बंद.

‘हिने आम्हाला चार वर्षं फसवलं,’ वर्गशिक्षिका म्हणाली. दहा वर्षांची पोर तुला चार वर्षं फसवते, मग मंद कोण, बये?

मी सांगितलं, आधी मी तपासणार. ‘तपासा की,’ चाणे म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात, ताहसासमध्ये, समितीची सभा आहे, तिथे मांडा. पण काय निघणार ते मला माहीतच आहे.’ याला सगळं आधीच माहीत असतं. म्हणून तर काही शिकावं लागत नाही.

हिदार ४, गुरुवार

तपासलं. डोळे उत्तम, कान उत्तम. डोकं तर असं की गोष्ट एकदा सांगितली आणि तिने ती माझ्यापेक्षा बरी परत सांगितली. तोंडी हिशेब विचारले. वीस किलो तेफचं धान्य दळायला किती, त्यात निम्मं ज्वारीचं असलं तर किती— माझं बोट मोजत होतं तोवर हिचं उत्तर आलेलं.

मग विचारलं, ‘घर, या शब्दातला पहिला आवाज कुठला?’

‘कोंबड्याचा,’ म्हणाली.

हसू आलं. पण इथेच तर गोम आहे. शब्द तिला अख्खा ऐकू येतो. तो आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला आहे हे तिच्या मेंदूला आपोआप उमगत नाही. आणि तुकडेच हाती लागले नाहीत तर कुठला तुकडा कुठल्या अक्षराला चिकटवायचा?

अक्षरांचा तक्ता म्हणायला सांगितला. तेहतीस अक्षरं, प्रत्येकाची सात रूपं— सगळं घडाघडा, गाणं म्हणावं तसं. मग मी चर्चच्या शाळेतला दुसरा तक्ता काढला, अबुगिदा. जुन्या लोकांनी मुद्दाम विस्कटून ठेवलेला— पहिल्या अक्षराचं पहिलं रूप, दुसऱ्याचं दुसरं, तिसऱ्याचं तिसरं. घोकंपट्टीवाला इथे उघडा पडतो. तिरिंगो थांबली. मग तिने बोट पहिल्या तक्त्यातल्या ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि पुटपुटत पुटपुटत खाली आली, हवं ते रूप सापडेपर्यंत. सापडलं. बरोबर! पुढचं अक्षर— पुन्हा सुरुवातीपासून. एका ओळीला एवढा वेळ लागला की बाहेर मधली सुट्टी होऊन संपली. चूक एकही नाही.

घामाने डबडबली होती. आणि हिला आळशी म्हणतात.

डिस्लेक्सिया. शंकाच नाही. इंग्रजीसारख्या अडमुठ्या लिपीत ही मुलं चुकतात. आमच्या लिपीत अक्षर तसा उच्चार, म्हणून चुकत नाहीत, फक्त गोगलगायीच्या गतीने जातात. बरोबर वाचतेय ना, मग काय झालं, असं म्हणून लोक मोकळे.

हिदार ५, शुक्रवार

चाणेला ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द नीट समजावून सांगितला. त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि विचारलं, ‘सांसर्गिक आहे का?’

हिदार १२, शुक्रवार

आज आदिस अबाबाहून तज्ज्ञ आला. ब्रूक त्याचं नाव. बूट इतके चकचकीत की आमच्या आवाराची धूळही त्यांना बिचकत असावी. अर्ध्या हळकुंडाने पिवळा! तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलाय आणि आता आम्हाला एका दिवसात देणार आहे.

‘या मुलांना अक्षरं उलटी दिसतात,’ त्याने सांगितलं.

‘कुठली अक्षरं?’ मी.

‘उदाहरणार्थ इंग्रजीतली बी आणि डी.’

‘आमच्या मुलांना अजून इंग्रजी शब्द लिहिता येत नाहीत. आमच्या लिपीतली कुठली?’

तो कागद चाळत राहिला. कागदात आमची लिपी नव्हती. अहो, अक्षरं उलटी सगळीच लहान मुलं काढतात. हा डोळ्यांचा खेळ नाहीच. मी तसं म्हणाले तर, ‘बाई, प्रश्न शेवटी घेऊ.’

मग पिशवीतून रंगीत प्लॅस्टिकचे कागद निघाले. निळा, गुलाबी, पिवळा. पानावर ठेवला की अक्षरं म्हणे नाचायची थांबतात. तिरिंगोला बोलावलं. पिवळा कागद ठेवला. ब्रूकने अगदी मधाळ आवाजात विचारलं, ‘आता कसं दिसतंय, बाळ?’

‘पिवळं,’ तिरिंगो म्हणाली.

मी खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

परत आले तर भिंतीवर भित्तिपत्रक लागलेलं. कुणी दाढीवाला शास्त्रज्ञ, कुणी चित्रकार— हे सगळे म्हणे डिस्लेक्सियावाले, म्हणजे अशी प्रत्येक मुलगी आतून प्रतिभावंतच असते. मेलेल्या माणसांना तपासलं कुणी? तिरिंगो प्रतिभावंत नाही आणि मंदही नाही. हुशार आहे, चारचौघींसारखी, आणि वाचता येत नाही. एवढी साधी गोष्ट कुणाच्याच पिशवीत नव्हती.

शेवटी त्याने आपली प्रश्नावली भरली. अक्षरं उलटी काढते का— नाही. मुलगा आहे का— नाही! कारण हा आजार म्हणे मुलग्यांचा. मुलगे बाक वाजवतात म्हणून त्यांना तपासायला आणतात, मुली गप्प बसतात म्हणून राहून जातात, एवढंच त्यातलं खरं. निष्कर्ष: डिस्लेक्सिया नाही.

‘म्हणजे मंदच,’ चाणे म्हणाला. किती खूश झाला होता!

हिदार १६, मंगळवार

नाताळाआधीचे उपास सुरू झालेत. गल्लीभर तेलाचा वास. येशी, तिरिंगोची आई, वाटीभर शिरो, हरभऱ्याच्या पिठाचं कालवण, घेऊन आली. म्हणाली, ‘बाई, तुम्ही एवढं पाहता तर एक सांगा, पवित्र पाण्याला न्यावं का हिला? मेरिगेता म्हणतात कुणाची तरी नजर बसलीय. अक्षरं खाऊन टाकलीत म्हणे.’

मेरिगेता! चर्चच्या शाळेचे गुरुजी. अबुगिदाचा तक्ता यांच्याच भिंतीवर टांगलेला आहे. नजर, नजर लावणारा बुडा, सैतान— गुरुजींना सगळं दिसतं, स्वतःची भिंत तेवढी दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

येशीला म्हटलं, थंडीच्या दिवसांत पोरीला गार पाण्याखाली उभी करशील तर न्यूमोनिया होईल, वाचन येणार नाही. ती म्हणाली, ‘मोठीचं जमतंय, बाई. बोसेनाचं. तिकडचे वडीलधारे येऊन गेले. आत्ता घरात काही वावगं दिसायला नको.’

हिदार २२, सोमवार

समितीचं ठरेपर्यंत मी वाट बघणार नाही. शाळा सुटल्यावर तिरिंगो माझ्याकडे. भाजलेलं जव घेऊन बसतो. एक आवाज, एक दाणा. शब्द म्हणायचा, त्याचे आवाज मोडायचे, प्रत्येकाला दाणा मांडायचा, मग दाण्यावर अक्षर. रोज थोडं, न चुकता, तेच तेच. जादू नाही. कंटाळवाणं काम आहे, म्हणून तज्ज्ञ करत नाहीत.

आज तिने तीन शब्द ओळीच्या सुरुवातीला न जाता वाचले. नंतर सगळे दाणे खाल्ले आणि म्हणाली, ‘हे शब्द चांगले होते.’ मला फार बरं वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

हिदार २९, सोमवार

बोसेनाच्या स्थळाकडचे आज पुन्हा आले. तिघे म्हातारे, पांढऱ्या शाली, हातात काठ्या. दारात उभे. रीतच आहे— शब्द मिळेपर्यंत बसायचं नाही, पाणीही घ्यायचं नाही. मंदेफ्रोने शब्द दिला तेव्हा बसले. आता त्यांची चौकशी चालेल. सात पिढ्या मोजतात. कुणाला कोड होतं, कुणाला महारोग, कुणाची नजर वाईट. बैल घेताना दात बघतात, इथे मेलेल्यांचे दात बघतात. विसाव्या शतकातूनही आपण पास होऊन बाहेर पडलेलो नाही.

मुलगा बरा आहे म्हणतात. बोसेना तर जमिनीवरून चालतच नाही. विहिरीवर दिसली, घागर भरून वाहत होती तरी हिचं लक्ष नाही.

ताहसास ३, शुक्रवार

पोरीच्या पोटरीवर वळ दिसले. तडक गिरणीवर गेले.

मंदेफ्रो पिठाने पांढरा झालेला. मशीन बंद करायला लावलं. ‘आळशी आहे ती,’ म्हणाला. ‘गाणी पाठ होतात, वाचायला नको. मार पडला की येईल.’

‘तुला आलं का मार खाऊन?’

तो हसला. मेरिगेतांच्या आधीच्या गुरुजींकडे तीन वर्षं काढलीन, बाभळीच्या फोकाने पाठ सोलून घेतलीन, मग पळून आला. मी पिठावर बोटाने चार अक्षरं काढली, विस्कटलेली. म्हटलं वाच. त्याने बोट हवेत धरलं आणि ओठ हलायला लागले— ओळीच्या सुरुवातीपासून, खाली खाली. तीच लय, पोरीची!

सांगितलं त्याला सगळं. हे बापाकडून मुलात येऊ शकतं. तुझ्यात आहे, म्हणून तिच्यात आलं असणार. आळस नाही, मेंदूची घडण आहे, जशी तुझ्या घरातली उंची. शिकवलं तर वाट निघते.

बराच वेळ पीठ झटकत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मीही उगाचच मार खाल्ला?’

‘उगाचच.’

डोळे पुसले, पीठ गेलं म्हणाला. हात लावणार नाही आता तिला, असं कबूल केलं. निघताना मागून म्हणाला, ‘बाई, हे आपल्यातच राहू दे.’ कशाला आपल्यातच? खऱ्या गोष्टीला पडदा कशाला? यांना अंधाराचीच सवय.

ताहसास ११, शनिवार

जिंकले!

बाजाराचा दिवस, त्यामुळे सभेला अर्धं गाव. अंजिराच्या झाडाखाली बाकं मांडलेली. समिती, पालक, आणि ज्यांचं लोणी विकून झालं होतं असे सगळे. चाणेने ब्रूकची प्रश्नावली वाचून दाखवली. मंद. माझ्या खोलीत पाठवा. माना डोलल्या. एक म्हणाला नजर, एक म्हणाला बापाने लाडावली, एक म्हणाला चष्मा द्या.

मग मी उठले. आधी नजरवाल्याला बसवलं, मग चष्मेवाल्याला, मग चाणेला. पोरीला उभं करून तोंडी हिशेब विचारले. समितीतला एकही जण तिच्याआधी उत्तर देऊ शकला नाही. मग गेल्या तीन आठवड्यांत दाण्यांवर शिकलेले शब्द वाचायला दिले, तिने वाचले. हळू, पण सुरुवातीला न जाता.

चाणे तरी म्हणालाच, ‘मग हिला झालंय काय, ते सांगा की. नजर नाही, आळस नाही, मंद नाही— आकाशातून पडलं का?’

‘आकाशातून नाही,’ मी म्हणाले. ‘रक्तातून आलंय. बापाकडून. बापालाही आहे, त्याच्याकडे बघा. उद्या याच्या नातवंडांनाही असेल. विज्ञान आहे हे, तुमच्या प्रश्नावलीत नसलं तरी!’

काय शांतता पसरली! मी मनात म्हटलं, अखेर गेलं यांच्या डोक्यात. समितीने ठरवलं: तिरिंगो चौथीतच राहील, रोज एक तास माझ्याकडे. चाणेचा चेहरा बघण्यासारखा होता.

मंदेफ्रो कॉफीला थांबला नाही. पोरीचं एवढं भलं केलं, दोन शब्द बोलायची रीत नाही.

ताहसास १५, बुधवार

येशी आली. शिरो नाही, काही नाही. उंबऱ्यावरच उभी.

‘स्थळ मोडतंय, बाई. नवऱ्यामुलाचे मामा, त्या तिघांतले अबेजे बाबा, शनिवारी बाजारात होते. झाडाखाली उभे होते. म्हणतात, यांच्या रक्तात काहीतरी आहे. तुमच्या तोंडून ऐकलं म्हणतात. सगळ्या गावासमोर.’

अडाणी! असं म्हणाले मी. ‘रक्त’ शब्द ऐकला की यांना महारोगच आठवतो. येशी म्हणाली, ‘हो, आम्ही अडाणीच.’ आणि गेली. मला तिचा राग आला. मग दुपारभर काही सुचलं नाही.

ताहसास १८, शनिवार

चालत त्यांच्या गावी गेले. अबेजे बाबांनी खाट झटकून बसायला दिली, चटणी आणि इंजेराची आंबवलेली पोळी वाढली. सगळं नीट समजावलं. आजार नाही, पसरत नाही, आयुष्य कमी होत नाही, लाखो लोकांना असतं, शिकवलं तर वाचता येतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चाणेने कधी एवढं ऐकलं नव्हतं.

मग विचारलं, ‘बाई, एवढंच सांगा. बोसेनाच्या पोरांना येऊ शकतं का?’

‘येईलच असं नाही.’

‘पण येऊ शकतं.’

‘येऊ शकतं,’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांना शिव्या दिल्या.

‘मग आमचं काय चुकलं?’ त्यांनी अगदी मायेने विचारलं आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले.

ताहसास २१, मंगळवार

बोसेना घराबाहेर पडत नाही. तिरिंगो रोज येते, दाणे मांडते. घरातलं काही बोलत नाही, मी विचारत नाही.

तिर १६, शनिवार

तिमकेतचा सण झाला आणि मंदेफ्रोने तिन्ही म्हाताऱ्यांना बोलावणं धाडलं. गल्लीतल्या चार घरांनाही बोलावलं. मलाही. वाटलं, मला सगळ्यांसमोर शब्द मागे घ्यायला लावणार. काय बोलायचं ते ठरवून गेले होते.

म्हातारे दारात उभे, काठ्या टेकून. बसेनात. आत येशी कॉफी भाजत होती, तिरिंगो पाहुण्यांना भाजलेलं जव वाटत फिरत होती.

मंदेफ्रो उभा राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, ‘बाईंनी तपासलं ते बरोबर आहे. पोरीत दोष आहे. तो रक्तातून आलाय, तेही बरोबर. पण ते रक्त आमचं नाही. दुष्काळाच्या साली रस्त्याने जाणारी एक बाई हिला आमच्या पदरात टाकून गेली. आम्ही दूध पाजून वाढवली. बोसेना आमची. ही आमची नाही.’

मी या पोरीच्या बाप्तिस्म्याला गेले होते. ऐंशीव्या दिवशी, याच घरात, जेवले होते. येशीला कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या तिरुनेश काकू धावल्या होत्या, आणि त्या माझ्या बाजूलाच बसलेल्या होत्या. चारही घरांना माहीत होतं. अबेजे बाबांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. ‘खरं का?’

तिरुनेश काकू म्हणाल्या, ‘खरं.’ बाकीच्यांनी माना हलवल्या.

त्यांची नजर माझ्यावर आली. मीही मान हलवली.

येशी तव्याजवळ खाली मान घालून बसली होती. बिया करपल्याचा वास आला. म्हातारे बसले. लग्न पुढच्या महिन्यात, येकातीतच्या पहिल्या रविवारी, ईस्टरच्या मोठ्या उपासाच्या आधी. तिरिंगोने जवाची टोपली तशीच हातात धरली होती. मग अबेजे बाबांनी हात पुढे केला, तेव्हा तिने त्यांना वाढलं.

तिर १७, रविवार

लिहिण्यासारखं काही नाही. कुणाला नावं ठेवायची आता.

तिर १८, सोमवार

तिरिंगो वेळेवर आली. दाणे मांडले, चार आवाजांचा शब्द होता, लावला बरोबर. मग दाण्यांकडेच बघत म्हणाली, ‘बाई, मी बाबांच्या रक्ताची नाही ना? म्हणजे मला ते नाहीच. आता मला भराभर वाचता येईल ना?’

मी हो म्हणाले.